मागच्या सीटवर कोण बसतं?

ठाणे-बेलापूर रस्त्यानं तुर्भ्याकडून कोपरखैरण्याकडे निघालं की मध्ये पावणे लागतं. घाटावरच्या माणसाला हे नाव ऐकून आधी पाहुणेच आठवतात. पण हे गाव आगरी-कोळ्यांचं, खाडीकाठचं. एके काळी इथे भातखाचरं आणि मिठागरं होती. साठीच्या दशकात खाडीपलीकडच्या या पट्ट्यात एम.आय.डी.सी.साठी जमिनी गेल्या, मग कारखाने आले, १९७० साली सिडको आली, १९७३ मध्ये वाशीचा खाडीपूल झाला आणि मुंबई हाकेच्या अंतरावर आली. आज कारखान्यांच्या जोडीला या पट्ट्यात मोटारी दुरुस्त करणारी मोठमोठी वर्कशॉप आहेत. नव्या मुंबईतल्या कितीतरी घरांची गाडी वर्षातून एकदा तरी इकडे ‘सर्व्हिसिंग’ला येते. तेल-पाणी होतं, धुऊन-पुसून लख्ख होऊन परत जाते. पावणीच म्हणायची!

अशा वर्कशॉपमध्ये एक काचेची खोली असते. सोफा, टीव्ही, कागदी पेल्यात चहा. यजमान काउंटरवर सुपरवायझरशी बोलत उभे असतात. ॲव्हरेज किती देते, पिकअप कमी झालाय का, ब्रेकचा आवाज कशानं येतो. घरची बाई सोफ्यावर मुलाला सांभाळत बसलेली. तिला कुणी काही विचारत नाही आणि तीही विचारत नाही. ‘आपल्याला मेलं गाडीतलं काय कळतंय!’

मैत्रिणींनो, हे वाक्य आपण जरा जपूनच वापरावं. कारण जगातला पहिला लांबचा मोटारप्रवास एका बाईनं केला, तोसुद्धा माहेरी जायला! १८८८ सालच्या ऑगस्टमध्ये जर्मनीत बेर्था बेंझबाई दोन मुलांना घेऊन, नवऱ्याला न सांगता, त्यानंच बनवलेली तीनचाकी मोटार काढून मानहाइमहून फोर्झहाइमला आईकडे निघाल्या. शंभर किलोमीटरच्या आसपासचं अंतर. वाटेत पेट्रोलची नळी तुंबली, ती त्यांनी हॅटच्या पिनेनं मोकळी केली. इंधन संपलं ते औषधाच्या दुकानातून घेतलं. ब्रेकचे लाकडी ठोकळे झिजले तेव्हा चांभाराकडून त्यांवर चामडं ठोकून घेतलं. पुढे १९०३ साली पावसात काच पुसणाऱ्या वायपरचं पेटंट अमेरिकेतल्या मेरी अँडरसन नावाच्या बाईनं मिळवलं. तेव्हा ‘काय कळतंय’ हा प्रश्न निकालात निघाला आहे.

खरा प्रश्न वेगळा आहे. गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत गाडीत सुधारणा झाल्या त्या थोड्याथोडक्या नाहीत. पण त्यांतल्या मागच्या सीटपर्यंत किती पोचल्या? आपल्याकडे पुढे यजमान आणि त्यांच्या शेजारी सासरे नाहीतर थोरले दीर. मागे आपण, सासूबाई, मुलं, आणि मांडीवर धाकटं.

चोक, पाण्याचा डबा आणि शिंग्रोबा

ज्यांच्या घरी फियाट होती त्यांना ती आठवून अजून बरं वाटतं. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली काढलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ती बनायची. १९७४ पासून तिचं नाव ‘प्रीमियर पद्मिनी’ झालं. १०८९ सी.सी.चं इंजिन, गिअरचा दांडा स्टिअरिंगपाशी, आणि पुढची सीट बाकासारखी, त्यामुळे पुढेच तिघं मावायची. नंबर लावून वर्षानुवर्षं वाट पाहावी लागे. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणजे हीच. ३० ऑक्टोबर २०२३ पासून टॅक्सी म्हणून ती मुंबईच्या रस्त्यावरून कायमची गेली, तेव्हा अनेकांनी तिच्यासोबत फोटो काढून घेतले.

कौतुक करावं, पण तिचे लाडही फार करावे लागत. थंडीच्या दिवसांत सकाळी ती उठायलाच तयार नसे. मग चोक ओढायचा, किल्ली फिरवायची, पुन्हा फिरवायची. चोक जास्त वेळ ओढला तर पेट्रोलचा वास सुटे. ‘फ्लड झाली’ म्हणायचं आणि थांबून राहायचं. शेवटी घरच्या मंडळींनी धक्का मारायचा. लग्नाला निघालेल्या बायका शालू सावरत गाडी ढकलताहेत हे दृश्य त्या काळी विशेष नव्हतं.

हे असं का होई? त्या गाड्यांत कार्ब्युरेटर असे. आत ओढल्या जाणाऱ्या हवेबरोबर बारीक भोकातून पेट्रोल खेचलं जाई आणि दोन्हींचं मिश्रण इंजिनात जळे. रॉकेलच्या स्टोव्हसारखाच प्रकार. भोकात कचरा अडकला की गाडी ‘मिसिंग’ मारू लागे, आणि स्टोव्हला पिन मारावी तशी जेट साफ करावी लागे. थंड इंजिनाला पेट्रोल जास्त लागतं, म्हणून हवा कमी करणारी झडप, म्हणजे चोक. किती ओढायचा ते चालवणाऱ्याच्या हाताच्या अंदाजावर. आताच्या गाडीत हे काम एक लहानसा संगणक करतो. इंजिन किती तापलंय, हवा किती आली, धुरात प्राणवायू किती उरला हे तो क्षणोक्षणी पाहतो आणि तेवढंच पेट्रोल पिचकारीनं सोडतो. म्हणून नव्या पिढीला चोक हा शब्द ठाऊक नाही, आणि म्हणूनच वर्कशॉपमधला मुलगा आता बॉनेट उघडण्याआधी स्टिअरिंगखाली वायर जोडून स्क्रीन बघतो. बिघाड कुठे आहे ते गाडीच सांगते. (सगळे बिघाड सांगत नाही. जुन्या मेकॅनिकचा कान अजूनही लागतो.)

पुण्याला जायचं तर बोरघाट. गाडी खोपोलीला थांबवून रेडिएटरमध्ये पाणी पाहायचं, डिकीत पाण्याचा डबा ठेवायचा, आणि चढावर शिंग्रोबाच्या देवळाशी नाणं टाकून पुढे जायचं. घाटाची वाट इंग्रजांना दाखवणाऱ्या त्या धनगराची ही जागा. चढावर निम्म्या गाड्या बॉनेट उघडून वाफ सोडत उभ्या असत. घाई करून रेडिएटरचं झाकण उघडणाऱ्याचा हात भाजे. आज बंद रेडिएटर, त्यात पाण्याऐवजी कूलंट, आणि तापमान वाढलं की आपोआप फिरणारा विजेचा पंखा. शिंग्रोबाला नाणं अजूनही टाकतात, पण ते गाडी तापली म्हणून नाही.

१४ डिसेंबर १९८३ रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते पहिल्या मारुतीची किल्ली दिली गेली आणि आपल्याकडच्या मध्यमवर्गाचं मोटारीशी नातं बदललं. ७९६ सी.सी.चं छोटं इंजिन, हलकी गाडी, किल्ली फिरवली की चालू. बायका मोठ्या संख्येनं चालवायला शिकल्या त्या या गाडीवर. १९९८ च्या डिसेंबरात पिंपरीच्या टाटांची इंडिका आली आणि मागे ऐसपैस बसता येऊ लागलं. पॉवर स्टिअरिंग आलं आणि गाडी वळवायला दंडात जोर लागेनासा झाला. त्यानंतरच्या पंचवीस वर्षांत गाड्यांची इतकी गर्दी झाली की त्यांची नावं सांगत बसण्यात अर्थ नाही.

हवेतलं शिसं

एक सुधारणा मात्र सांगायलाच हवी, कारण तिचा हार कुणी कुणाला घातला नाही. पूर्वी पेट्रोलमध्ये शिशाचं संयुग मिसळत. इंजिन ठोके देऊ नये म्हणून. ते शिसं धुरातून हवेत जाई, रस्त्याच्या धुळीत बसे आणि मुलांच्या पोटात जाई. वाढत्या मुलाच्या मेंदूला शिसं विषासारखं, त्याची सुरक्षित अशी मात्राच नाही. १ एप्रिल १९९५ पासून मुंबईसह चार महानगरांत नव्या गाड्यांना धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि शिसंविरहित पेट्रोल आलं. १ फेब्रुवारी २००० पासून शिशाचं पेट्रोल देशातूनच बंद झालं. १ एप्रिल २०२० पासून ‘भारत स्टेज सहा’ नियम लागू झाले आणि इंधनातला गंधक फारच उतरला. पी.यू.सी.ची चिठ्ठी काढताना आपण कंटाळतो खरं, पण रस्त्यालगतच्या शाळेत मूल पाठवणाऱ्या आईनं तरी कंटाळू नये.

जाड पत्र्याची गोष्ट

‘जुन्या गाडीचा पत्रा बघा कसा होता! आताच्या गाड्या म्हणजे नुसता डबा. बोटानं दाबला तर पोचा पडतो.’ हे आपण प्रत्येक लग्नाच्या पंगतीत ऐकलेलं आहे. सांगणारी मंडळी वडीलधारी असतात म्हणून आपण मान डोलावतो. पण हे खरं नाही.

२००९ साली अमेरिकेत विमा कंपन्यांच्या सुरक्षा संस्थेनं एक प्रयोग केला. १९५९ सालची जाडजूड, लांबलचक शेवरोले बेल एअर आणि २००९ सालची साधी शेवरोले मालिबू यांची ताशी ६४ किलोमीटरच्या वेगानं समोरासमोर टक्कर घडवली. आत माणसाएवढे पुतळे. जुन्या गाडीत स्टिअरिंग आणि पुढचा भाग थेट चालवणाऱ्याच्या अंगावर आला. त्या जागी माणूस असता तर जगला नसता. नव्या गाडीचं तोंड चेपून गेलं, पण बसायची जागा शाबूत राहिली आणि पुतळ्याला पायाच्या दुखापतीपलीकडे फारसं काही झालं नाही.

असं का, ते स्वयंपाकघरात कळतं. हातातून अंडं सुटलं आणि ओट्यावर पडलं तर फुटतं. तेच कणकेच्या गोळ्यावर पडलं तर वाचतं. कणीक दबते, आणि दबताना अंड्याचा वेग हळूहळू खाते. गाडीचा पुढचा भाग हल्ली मुद्दाम असा बनवतात की टक्कर होताच तो चेपावा. बसायची जागा मात्र पोलादी पिंजऱ्यासारखी घट्ट. मर्सिडीझमधल्या बेला बॅरेन्यी या अभियंत्याची ही कल्पना, पन्नासच्या दशकातली. जुनी जाड गाडी चेपत नसे, म्हणून सगळा दणका आतल्या माणसांना बसे. गाडी दुरुस्त होई, माणूस होत नसे.

अर्थात चेपणाऱ्या गाडीचा फायदा कुणाला? जो गाडीला बांधलेला आहे त्याला. अंडं कणकेवर पडलंच पाहिजे ना! म्हणून सीटचा पट्टा. खांद्यावरून आणि कमरेवरून जाणारा आजचा तीन ठिकाणी अडकणारा पट्टा स्वीडनमधल्या व्होल्वो कंपनीच्या निल्स बोलिन यांनी १९५९ साली आणला. ते आधी लढाऊ विमानातून वैमानिकाला बाहेर फेकणाऱ्या खुर्च्यांवर काम करीत. कंपनीनं हे पेटंट सगळ्यांना वापरायला खुलं केलं. आपल्याकडे पुढच्या सीटला पट्टे बसवण्याची सक्ती १९९४ पासून आणि मागच्या सीटला २००२ पासून आली. मधली आठ वर्षं लक्षात घ्या. मागे कोण बसतं, ते आपल्याला माहीत आहेच.

पट्ट्याच्या जोडीला एअरबॅग. डोळ्याची पापणी लवायच्या आत, सेकंदाच्या सुमारे तीस हजारांश भागात ती फुगते. २०१९ च्या जुलैपासून चालवणाऱ्यासाठी ती सक्तीची झाली, पुढे शेजारच्या सीटलाही. ए.बी.एस. ब्रेक त्याच वर्षीच्या एप्रिलपासून. जोरात ब्रेक मारला तरी चाकं जाम होऊन गाडी घसरत नाही आणि स्टिअरिंग वळवता येतं. हा ब्रेक लागताना पायाखाली थरथरतो. चालवणाऱ्या मैत्रिणींनी घाबरून पाय काढू नये, दाबून धरावा.

गाडी कितपत सुरक्षित ते ताऱ्यांवरून कळतं. २०१४ साली ‘ग्लोबल एन्‌कॅप’ या संस्थेनं भारतात विकल्या जाणाऱ्या पाच छोट्या गाड्या आपटून पाहिल्या. पाचही गाड्यांना मोठ्या माणसाच्या सुरक्षेसाठी शून्य तारे! मोठी खळबळ उडाली. २०१८ च्या डिसेंबरात पुण्याजवळ रांजणगावात बनणाऱ्या टाटा नेक्सॉनला पाच तारे मिळाले. भारतात बनून पाच तारे मिळवणारी ती पहिली गाडी. चार वर्षांत शून्यावरून पाचांवर! आता आपली स्वतःची ‘भारत एन्‌कॅप’ चाचणी १ ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झाली आहे. ती सक्तीची नाही, कंपनीनं गाडी पाठवावी लागते. नवी गाडी बघायला जाल तेव्हा यजमानांना रंग आणि मायलेज बघू द्यावं. आपण एवढंच विचारावं, ‘मुलांसाठी किती तारे आहेत?’ कारण या चाचणीत तारे दोन वेगवेगळे असतात, मोठ्यांचे आणि मुलांचे. दीड वर्षाच्या आणि तीन वर्षांच्या मुलाएवढे पुतळे बाल-आसनात बसवून ते ठरवतात. विक्रेता पहिलाच आकडा सांगतो. दुसरा विचारावा लागतो.

मागची सीट

४ सप्टेंबर २०२२, रविवारची दुपार. अहमदाबादकडून मुंबईला येणारी एक मर्सिडीझ पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलाच्या कठड्यावर आदळली. उद्योगपती सायरस मिस्त्री आणि जहांगीर पंडोल मागे बसले होते. ते दोघं गेले. पुढे बसलेले दोघं गंभीर जखमी झाले, पण वाचले. मागच्या दोघांनी पट्टे लावले नव्हते, असं पोलिसांनी सांगितलं. गाडी कोट्यवधींच्या कंपनीची, एअरबॅग भरपूर, तंत्रज्ञान जगातलं उत्तम. पट्टा मात्र माणसानं ओढून लावायचा असतो, तेवढं तंत्रज्ञान अजून आलेलं नाही.

त्यानंतर मुंबई पोलिसांनी १ नोव्हेंबर २०२२ पासून गाडीतल्या सगळ्यांना पट्टा सक्तीचा केला. नियम खरं तर आधीपासूनचाच, पण कुणाला ठाऊक नव्हता. त्याच २०२२ सालात, सरकारी अहवालाप्रमाणे, पट्टा न लावल्यानं देशात १६,७१५ माणसं दगावली. त्यांत चालवणारे ८,३८४ आणि सोबत बसलेले ८,३३१. जवळजवळ निम्मे निम्मे.

‘मागे पुढच्या सीटचा आडोसा असतो की!’ असं म्हणणारी मंडळी आहेत. ताशी पन्नास किलोमीटर हा वेग आपल्याला हळू वाटतो. पाम बीच रोडवर तर कुणी मागून हॉर्नच मारेल. पण या वेगानं भिंतीवर आदळणं म्हणजे इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावरून खाली पडणं. ताशी ऐंशीला आठवा मजला. गाडी थांबते. आतलं जे बांधलेलं नाही ते त्याच वेगानं पुढे जात राहतं, आणि पुढच्या सीटवर, म्हणजे चालवणाऱ्याच्या पाठीवर आदळतं. तेव्हा मागच्या बाईनं पट्टा लावणं हे पुढच्या माणसासाठीही असतं.

आणि मांडीवरचं मूल? इथे जरा थांबून हिशेब करू. दहा किलोचं बाळ, ताशी पन्नासचा वेग, टकरीत गाडीचा पुढचा भाग अर्धा मीटर चेपला असं धरलं, तर त्या क्षणी बाळाचा भार वीसपट होतो. दोनशे किलो. आपण घरातला भरलेला गॅस सिलिंडर उचलतो तो तीस किलोच्या आसपास असतो, आणि तोही दोन हातांनी, कंबर सांभाळून. असे सहा-सात सिलिंडर एकदम हातातून ओढले गेले तर कोणती आई धरून ठेवील? ‘मी घट्ट धरलं होतं’ हे अपघातानंतर अनेक आया सांगतात. ते खरंच असतं. हातांचा दोष नसतो.

आपला आणि बाळाचा एकच पट्टा लावणं तर त्याहून वाईट. मध्ये बाळ चेंगरतं. आणि बाळाला मांडीवर घेऊन पुढे एअरबॅगसमोर बसणं कधीही करू नये. मोठ्या माणसाला वाचवणारी तीच पिशवी बाळाच्या जिवावर उठते.

म्हणून बाल-आसन. आपल्याकडे हे अजून ‘फॉरेनचं फॅड’ समजतात, पण कायद्यात ते आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर चौदा वर्षांखालचं मूल पट्ट्याशिवाय किंवा बाल-आसनाशिवाय नेलं तर एक हजार रुपये दंड. तान्ह्या बाळाचं आसन मागच्या सीटवर, बाळाचं तोंड गाडीच्या मागच्या बाजूला राहील असं लावतात, कारण बाळाचं डोकं जड आणि मान नाजूक. निदान सव्वा वर्षापर्यंत असंच, आणि मावत असेल तर त्याहून पुढेही. मग तोंड पुढे करून. नंतर शाळेत जाणाऱ्या मुलाला उंचवटा देणारं बूस्टर, पट्टा गळ्यावर न येता खांद्यावर येईपर्यंत. आसन घेताना गाडीत ‘आयसोफिक्स’चे हुक आहेत का ते पाहावं. सीटच्या पाठीच्या आणि बैठकीच्या खाचेत बोट घातलं की ते हाताला लागतात. हुक असले तर आसन नुसतं खटकन बसतं, चुकीचं लागायचा धोका कमी. मूल रडतं, मान्य. पहिले चार-पाच प्रवास रडतं, मग तीच आपली जागा समजतं. आजीला समजावणं अधिक कठीण जातं, असा अनेकींचा अनुभव आहे. ‘आमची काय मांडीवर वाढली नाहीत?’ वाढली. तेव्हा रस्त्यावर गाड्या किती होत्या आणि किती वेगानं जात होत्या, तेही आजीनं सांगावं.

साडी, पोट आणि डबे

साडीवर पट्टा नीट बसत नाही ही तक्रार खरी आहे. आधी पदर खांद्यावर घडी करून घ्यावा, मग पट्टा ओढावा. खालचा भाग निऱ्यांच्या गाठीवर नको, त्याच्या खाली, कमरेच्या हाडांवर घट्ट हवा. वरचा भाग खांद्याच्या मध्यावरून छातीच्या मधून. काखेखालून घेतला तर बरगड्या मोडतात. मंगळसूत्र पट्ट्याखाली दबलं तर टोचतं, म्हणून ते वर काढून ठेवावं.

गरोदरपणी तर पट्टा हवाच. ‘पोटावर दाब येईल’ म्हणून काढून ठेवतात, ती मोठी चूक. खालचा पट्टा पोटाच्या फुगवट्याखाली, मांड्यांच्या वरच्या बाजूला. वरचा पोटाच्या कडेनं. पोटावरून आडवा कधीच नाही. स्वतः चालवत असाल तर स्टिअरिंग आणि छाती यांत निदान वीतभराहून जास्त, म्हणजे पंचवीस सेंटिमीटर अंतर ठेवावं.

हे सगळं बायकांनी जास्त काळजीनं पाहायला हवं, त्याला आणखी एक कारण आहे. गाड्या आपटून पाहताना वर्षानुवर्षं जो पुतळा वापरला गेला तो पुरुषाचा, सुमारे १७५ सेंटिमीटर उंच आणि ७८ किलो वजनाचा. बाईची मान, तिची ठेवण, स्टिअरिंगला चिकटून बसायची तिची गरज, हे त्या हिशेबात नीट धरलेलंच नव्हतं. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ साली दाखवलं, की पट्टा लावलेल्या पुरुषापेक्षा पट्टा लावलेल्या बाईला गंभीर इजा होण्याचा संभव ४७ टक्क्यांनी जास्त. आता स्वीडनच्या अभियंत्या ॲस्ट्रिड लिंडर यांनी सरासरी बाईच्या बांध्याचा पुतळा तयार केला आहे. सर्व देशांच्या नियमांत तो यायला किती काळ लागेल, ते आपल्याकडच्या सरकारी गतीवरून ओळखावं. तोवर निदान डोक्यामागची उशी आपल्या डोक्याच्या उंचीला ओढून घ्यावी. ती मान टेकायला दिलेली नाही. मागून धक्का बसला तर मान मोडू नये म्हणून आहे.

आणि डबे! देवदर्शनाला निघालो की मागच्या काचेखालच्या फळीवर स्टीलचा डबा, पाण्याची बाटली, नारळ. वरच्याच हिशेबानं अर्ध्या किलोचा नारळ दहा किलोचा होऊन डोक्याच्या पातळीवरून येतो. जड सामान डिकीत, नाहीतर पायापाशी खाली ठेवावं.

सीट कव्हरखाली

आता पुन्हा वर्कशॉपकडे येऊ. तिथल्या सोफ्यावरून उठून एक काम आपण करण्यासारखं आहे. आपली गाडी पाच-सात वर्षांची असेल, किंवा जुनी घेतलेली असेल (आणि पहिली गाडी बहुतेक घरांत जुनीच येते), तर मागचं दार उघडून तिन्ही जागांचे पट्टे ओढून पाहावे. हळू ओढला तर पट्टा सरसर यावा, झटक्यात ओढला तर जागीच अडकावा. सोडला की आत जावा. कडा उसवलेल्या नकोत. ज्या गाडीला मोठा अपघात झाला तिचे पट्टे ताणले गेलेले असतात, ते बदलावेच लागतात.

मग बक्कल. ते बहुतेक वेळा सापडतच नाही. कारण गाडी घेतल्याबरोबर आपण हौसेनं शिवून घेतलेलं सीट कव्हर! रेक्झिनचं, क्रीम रंगाचं, वर प्लॅस्टिक. कव्हरवाला मागची बक्कलं सीटच्या खाचेत कोंबतो आणि वरून शिवून टाकतो. काही गाड्यांत पुढच्या सीटच्या कुशीतही एअरबॅग असते. तिच्यावर साधं कव्हर घट्ट चढवलं तर ती उघडायला अडते. तिथे शिवण फाटेल असं वेगळं कव्हर मिळतं, ते मागावं. गाडी ‘टिंग टिंग’ वाजू नये म्हणून बक्कलात खोवायच्या नुसत्या पत्र्याच्या क्लिपाही मिळत. २०२३ साली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ऑनलाइन दुकानांना त्या विकायला मनाई केली. घरच्या गाडीत अशी क्लिप दिसली तर ती कुणी आणली हे न विचारता कचऱ्यात टाकावी.

बक्कलं कव्हरखाली गेली असतील तर सुपरवायझरला सांगावं, नाहीतर कव्हर शिवणाऱ्याकडे गाडी न्यावी. तीन ठिकाणी चीर द्यायची आणि कडांना गोट मारायचा. पेटीकोटाला काजं करावीत एवढंच काम आहे, अर्ध्या तासात होतं.